हिरो एक, टाळ्या दुसऱ्याला : विनोदी मालिकांतलं मुख्य पात्र फिकं का पडतं?

निळी छत्री

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या आठवड्यात बाबांच्या डाव्या डोळ्याचं रेटिनाचं ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून नाहीतर पालथं झोपून काढायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय. पेपर नाही, पुस्तक नाही, टीव्ही नाही. सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय ज्या माणसाचा दिवस सुरू होत नाही त्याने करायचं काय? मग मी लॅपटॉप त्यांच्या उशाशी ठेवला आणि 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका लावली, म्हटलं बघता येत नसेल तर नुसतं ऐका.

तिसऱ्या दिवशी उशीतूनच म्हणाले, "या साहिलचं काम फार अवघड आहे गं."

मी थांबलेच. २००४ पासून मी ही मालिका किती वेळा पाहिलीय याचा हिशोब नाही, पण साहिलकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आमच्या ग्रुपमधे कुणी माया (साहिलची आई) आहे, कुणी इंद्रवदन (त्याचे वडील) आहे, त्याच्या भावाच्या, रोसेशच्या कवितांवर तर आम्ही कॉलेजची तीन वर्षं काढली. मोनिषाही (त्याची बायको) आहे. साहिल कुणालाच व्हायचं नसतं. खरं तर सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते, आई एका बाजूला बायको दुसऱ्या बाजूला आणि मधे हा. साहिल झालेला सुमीत राघवन आपला मराठी रंगभूमीवरचा माणूस, तरी त्याचं नाव आम्ही सगळ्यात शेवटी घेतो.

बाबांचं म्हणणं असं की बाकी प्रत्येकाच्या आवाजाला एक चाल आहे. माया शब्द ओढून मऊ करून बोलते, रोसेशचा आवाज दाबून काढलेला, मोनिषा मोठ्यांदा. एकच आवाज आपल्या घरात बोलतात तसा आहे, आणि तो मधेमधे येतो म्हणूनच बाकीचे किती वेगळे बोलतायत ते कळतं. तो नसता तर सगळी नुसती ओरडत बसली असती.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. जवळजवळ प्रत्येक विनोदी मालिकेत असं दिसतं की नाव हिरोचं आणि लक्षात राहतो भलताच. यात हिरो कमी पडतो, की तेच त्याचं काम असतं? तुमच्या आठवणीतली उदाहरणं सांगा, मी बाबांना वाचून दाखवणार आहे.

रिमोट माझ्याकडे

बाबांना लवकर आराम पडो. विषय मस्त आहे पण माझं मत उलटं आहे.

हिरो फिका पडतो कारण लेखक त्याच्यावर मेहनत घेत नाहीत. 'हाउ आय मेट युअर मदर' घ्या, २००५ ते २०१४, नऊ सीझन टेड आपल्याला स्वतःची गोष्ट सांगतो आणि आपण वाट कुणाची बघतो तर त्याच्या मित्राची, बार्नीची. टेडकडे प्रेमात पडणं आणि हताश होणं सोडून काही नाहीच. 'बिग बँग थिअरी'चंही तसंच. सुरुवात लेनर्ड आणि पेनीवर झाली, श्रेयनामावलीत लेनर्ड झालेला जॉनी गलेकी पहिला, पण त्याच्यासोबत राहणाऱ्या शेल्डनने सगळं घेतलं. शेल्डन झालेल्या जिम पार्सन्सला त्यासाठी चार एमी (अमेरिकन टीव्ही पुरस्कार) मिळाले, २०१०, २०११, २०१३, २०१४, आणि तेही सहायक म्हणून नाही, मुख्य अभिनेत्याचे. पुढे शेल्डनच्या लहानपणावर वेगळी मालिका आली ती सात सीझन चालली. लेनर्डच्या लहानपणावर मालिका काढा असं कुणी म्हटलं का? नाही म्हटलं, कारण लेनर्डमधे तेवढं भरलेलंच नव्हतं.

दूरदर्शनपर्व

तुम्ही सगळी अलीकडची नावं घेताय, जरा मागे या.

१९८४ साली 'ये जो है जिंदगी' लागायची. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, घरात मेहुणा राकेश बेदी. चांगले कलाकार, चांगलं काम. पण आमच्या वाड्यात एकाच टीव्हीसमोर पंधरावीस माणसं बसायची तेव्हा प्रश्न एकच असायचा, आज सतीश शाह काय होऊन येणार? दर भागात वेगळं पात्र. त्याच्या एन्ट्रीला वाड्यातली माणसं हसायला लागायची, अजून त्याने तोंड उघडलेलं नसायचं. शरद जोशींचं लेखन आणि दिग्दर्शनात कुंदन शाह. जाता जाता, कुंदन शाह, सतीश शाह, राकेश बेदी तिघंही आपल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले, त्यामुळे पुणेकरांना या मालिकेबद्दल जरा जास्तच माया असायला हरकत नाही.

आता विचार करा, सतीश शाहला दर आठवड्याला नवीन माणूस होऊन यायची मुभा होती. शफी इनामदारांना दर आठवड्याला तोच नवरा व्हायचं होतं, आणि मागच्या आठवड्यात काय झालं ते आठवत असलेला नवरा. घर त्यांचं होतं, सतीश शाह त्या घरात पाहुणा होता. पाहुण्याला सगळं माफ असतं.

शनिवारातला

+१ वरच्या प्रतिसादाला. पाहुण्याचा मुद्दा एकदम पटला.

तिसरी घंटा

हा धागा वाचून आज दुपारपासून अस्वस्थ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी कॉलेजात असताना दोन वर्षं पुरुषोत्तमला (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला) होतो. दुसऱ्या वर्षी आमची एकांकिका विनोदी होती, माझी मुख्य भूमिका, एका साध्या कारकुनाची, आणि माझा मित्र त्याच्या विक्षिप्त शेजाऱ्याच्या भूमिकेत. भरत नाट्य मंदिरात त्या दिवशी त्याने जे लाफ्टर घेतले ते आजही कानात आहेत. उत्स्फूर्त आरोळ्या, टाळ्या, सगळं त्याला. प्रयोग संपल्यावर लोक मागे आले आणि माझ्या अंगावरून जाऊन त्याला मिठ्या मारत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. बरेच दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

पण त्या तालमींत मी जे शिकलो ते सांगतो कारण ते प्रेक्षकाला दिसत नाही. समोरच्याला लाफ्टर आला की तुम्ही काय करायचं? तुमचं पुढचं वाक्य तोंडात तयार असतं. ते लगेच टाकलं तर हशा तिथेच मरतो, कारण लोक ऐकण्यासाठी गप्प होतात. फार थांबलात तर हशा पूर्ण विझतो आणि मधे एक भोक पडतं. हशा चढू द्यायचा, तो उतरायला लागला की त्याच्या शेपटावर वाक्य टाकायचं. आणि तो चढत असताना हलायचं नाही. हात सुद्धा नाही, नाहीतर प्रेक्षकाची नजर तुमच्याकडे येते आणि त्याचा पंच अर्धा जातो. पण नुसतं दगडासारखं उभं राहूनही चालत नाही, तुम्हाला धक्का बसलाय हे दिसायला हवं कारण तुमच्या चेहऱ्यावरूनच प्रेक्षकाला कळतं की समोरचा बोलला ते किती अचाट होतं. आम्ही याला फीड देणं म्हणायचो. फीड देणाऱ्याला टाळी नसते.

त्यामुळे @रिमोट माझ्याकडे, लेनर्डमधे काही भरलेलं नव्हतं हे मला पटत नाही. शेल्डनच्या प्रत्येक वाक्यानंतर लेनर्डचा चेहरा बघा एकदा, नुसता चेहरा.

आणि अजून एक. विनोदात सगळ्यात तयार असलेल्या नटांना बऱ्याचदा मुद्दाम ही फीडची जागा दिली जाते. 'हम पाँच' १९९५ साली झी वर लागायची. त्यात अशोक सराफ! ज्या माणसाने मराठी सिनेमात एकट्याने थिएटरं हसवली तो तिथे कोण आहे? पाच मुली, दुसरी बायको आणि फोटोतून बोलणारी पहिली बायको या सगळ्यांमधे अडकलेला बाप. लोकांना मुलींमधली काजलभाई आठवते, स्वीटी आठवते, फोटोतली प्रिया तेंडुलकर आठवते. पण त्या सगळ्यांचे चेंडू झेलायला अशोक सराफ होते म्हणून ते घर उभं राहिलं. तिथे कच्चा नट घातला असता तर चौथ्या भागात मालिका कोसळली असती.

पंकज कपूर तर हे दोनदा करून बसलेत. 'जबान संभालके' मधे वर्गातले विद्यार्थी सगळे हशे घेतात, हा मास्तर. 'ऑफिस ऑफिस' मधे पांडेजी, शुक्लाजी, भाटिया, पटेल, उषाजी, प्रत्येकाची एक लकब, प्रत्येकाचा एक तकियाकलाम, आणि मुसद्दीलाल (पंकज कपूर) कामासाठी त्यांच्या टेबलांवर फिरत राहतो. तो हसवत नाही. पण त्याच्या चपला झिजतायत हे आपल्याला जाणवतं म्हणून त्या ऑफिसातल्या माणसांचं हसू येतं. मुसद्दीलालचं दुःख खोटं वाटलं असतं तर उरलं असतं ते नुसते पाच जणांच्या लकबी.

अनुस्वार

@तिसरी घंटा, फार सुंदर लिहिलंत. उषाजींच्या भूमिकेत आसावरी जोशी होत्या हेही नोंदवून ठेवते.

मला यात एक वेगळीच गोष्ट दिसतेय. फिके पडलेले बरेच हिरो गोष्ट सांगणारे असतात. टेड आपल्या मुलांना गोष्ट सांगतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २८ जुलै २००८ ला सुरू झाली, चार हजारांच्या वर भाग झाले, नाव तारक मेहतांचं, सूत्रधारही तेच, पण मालिका कुणाची तर जेठालालची. आणि भिडे मास्तरांची, निदान आपल्याकडे तरी. खऱ्या तारक मेहतांनी १९७१ पासून 'चित्रलेखा' साप्ताहिकात ते गुजराती सदर लिहिलं, म्हणजे लेखकाने स्वतःला गोष्टीत ठेवलं पण खिडकीत बसवलं. जो बघून सांगतो तो शहाणा असावा लागतो, आणि शहाण्या माणसाचं हसू येत नाही.

आता आपली मराठी उदाहरणं बघा, तिथे हा नियम मोडतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव. (चिं. वि. आपल्या पुण्यात जन्मलेले, १८९२.) गोष्ट चिमणरावच सांगतो आणि शेजारी गुंड्याभाऊसारखा दणकट, दंडुकेवाला, आत आला की खोली भरून टाकणारा माणूस. सगळ्या नियमाने गुंड्याभाऊने चिमणरावाला खाऊन टाकायला पाहिजे होतं. दूरदर्शनवर १९७७ च्या सुमारास मालिका आली तेव्हा बाळ कर्वे गुंड्याभाऊ आणि दिलीप प्रभावळकर चिमणराव. बाळ कर्व्यांना त्यानंतर लोक जन्मभर गुंड्याभाऊच म्हणत राहिले, इतकी ती भूमिका चिकटली. पण चिमणराव फिका पडला का? अजिबात नाही. कारण तो सांगताना स्वतःचीच फजिती सांगतो आणि त्याला वाटत असतं की आपण किती शहाणपणाने वागलो. तो खिडकीत बसलेला नाही, चिखलात उतरलेला आहे.

आणि जवळजवळ पंचवीस वर्षांनी तेच प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधे आबा झाले, पुन्हा सांगणारा माणूस, रोजनिशी लिहिणारा. ती त्यांच्या स्वतःच्याच 'अनुदिनी' पुस्तकावर बेतलेली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. घरातले शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या सगळे झकास, शिऱ्या तर आमच्या घरी भावाचं टोपणनाव झालं होतं. पण आबा सुटत नाहीत. कारण आबांना घरातल्या प्रत्येकाची काळजी आहे आणि त्या काळजीत ते स्वतः चुकतात. मला वाटतं टेडला किंवा तारक मेहतांना जे मिळालं नाही ते हे, चुकायची मुभा.

रिमोट माझ्याकडे

अनुस्वारताई, हे मान्य. चुकायची मुभा हा शब्द घेतो मी, आणि माझ्या मुद्द्याला तो धरूनच आहे. लेखक हिरोला जपतात. त्याचं लग्न जमायचंय, लोकांना तो आपला वाटायला हवा, म्हणून त्याला कंजूष करत नाहीत, खोटारडा करत नाहीत, विक्षिप्त करत नाहीत. बाजूच्या पात्राला काहीही करा, त्याचा हिशोब पुढच्या भागात द्यावा लागत नाही.

पण मग उलटा धोकाही सांगतो, कारण मी नुसता हिरोविरोधी नाही. बाजूच्या पात्राच्या हातात अख्खी मालिका दिली की काय होतं त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण 'फॅमिली मॅटर्स', अमेरिकेतली, १९८९ ते १९९८. एका साध्या कुटुंबाची गोष्ट, बाप पोलीस, आई, मुलं, आजी. पहिल्या सीझनच्या बाराव्या भागात शेजारचा एक चष्मेवाला मुलगा आला, स्टीव्ह अर्कल, एकाच भागापुरता. लोकांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर मालिका त्याची झाली. पुढे पुढे त्याने स्वतःला दुसरा माणूस बनवायचं यंत्र शोधलं, काय काय शोधलं. आणि त्या कुटुंबातली धाकटी मुलगी जूडी चौथ्या सीझननंतर दिसेनाशी झाली, कुठे गेली, काय झालं, एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. घरातले सगळे जणू तिला विसरले. मला हे तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं. पाहुणा इतका मोठा झाला की घरातल्या मुलीला जागा उरली नाही.

शनिवारातला

आपल्याकडे हे जास्त नीट हाताळलंय असं मला वाटतं. 'भाबीजी घर पर हैं' मधे सक्सेनाजी, तो थप्पड खाऊन 'आय लाइक इट' म्हणणारा. त्याला मूळ गोष्टीत काहीच काम नाही. पण त्याला वाढवला नाही, दोन मिनिटांसाठी येतो आणि जातो. आणि त्याच मालिकेतल्या दरोगा हप्पू सिंगला वाढवायचं ठरलं तेव्हा २०१९ मधे त्याची वेगळी मालिकाच काढली, 'हप्पू की उलटन पलटन'. मूळ घर मोडलं नाही.

एका बारमधे घडणाऱ्या अमेरिकन 'चीअर्स' मधून 'फ्रेझर' निघाली तेव्हाही तेच. फ्रेझर क्रेन १९८४ ला तिसऱ्या सीझनमधे आला, 'चीअर्स' संपेपर्यंत तो त्या बारमधलं एक गिऱ्हाईक म्हणूनच राहिला आणि १९९३ ला ती संपल्यावर त्याला त्याचं घर मिळालं. अकरा सीझन 'चीअर्स', अकरा सीझन 'फ्रेझर'.

पावसाळी कोथरूड

'पंचायत' या गावातल्या वेब मालिकेचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? (ज्यांनी दुसरा सीझन पाहिला नसेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या.)

सचिवजी (जितेंद्र कुमार) हिरो. बिनोद लक्षात राहिला, बनराकस लक्षात राहिला, ते दोघं तर २०२२ चा अख्खा उन्हाळा आमच्या ऑफिसात होते. पण मला प्रल्हाद चाचाबद्दल बोलायचंय. पहिल्या सीझनमधे तो सोबतीचा माणूस आहे, प्रधानजींच्या मागे उभा, हसतमुख. त्याच्यावर कधी वेगळं लक्ष जात नाही. आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात त्याचा मुलगा शहीद होऊन येतो. फैसल मलिकने तिथे जे केलंय ते बघताना मी रडले, माझा नवरा रडला, शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या त्या उभ्या उभ्या रडल्या. त्या क्षणी हिरो कोण हा प्रश्नच उरत नाही. जितेंद्र कुमारला त्या भागात मोठं वाक्य नाही, आणि बरं झालं नाही. त्याने प्रल्हादला जागा दिली.

आपण इतके भाग त्याला नुसता हसताना पाहिलेला असतो म्हणून ते इतकं लागतं. हे मुख्य पात्राबाबत झालं नसतं. मुख्य पात्रावर काहीतरी येणार याची आपण मनाची तयारी करून बसलेलो असतो.

दूरदर्शनपर्व

खरं आहे. तो भाग मी पुन्हा बघू शकलेलो नाही.

नदीपात्र

मी आजच हा धागा पाहिला. 'दिल दोस्ती दुनियादारी' (झी मराठी, २०१५) चं सांगते. गोष्ट रेश्मापासून सुरू झाली, ती लग्न होऊन मुंबईत येते वगैरे, म्हणजे पहिल्या आठवड्यात वाटतं की मालिका तिचीच. पण ती त्या फ्लॅटमधे शिरली आणि सहा जणांतली एक झाली. आमच्या हॉस्टेलवर कुणी आशू, कुणी कैवल्य, कुणी सुजय, रोज भांडणं. रेश्मा फिकी पडली असं मला कधी वाटलं नाही, तिने दार उघडून दिलं असं वाटलं. आणि रेश्मा झालेली सखी गोखले ही टिपऱ्यांच्या श्यामलाची, शुभांगी गोखल्यांची मुलगी, वर टिपऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून.

तिसरी घंटा

@रिमोट माझ्याकडे, तुमच्या अर्कलच्या आधीची एक गोष्ट सांगतो, ती मला फार जवळची आहे.

'हॅपी डेज', १९७४ ला सुरू झाली. हिरो रिची कनिंगहॅम, म्हणजे रॉन हॉवर्ड. फॉन्झी, म्हणजे हेन्री विंकलर, बाजूचा, जॅकेटवाला, मोटरसायकलवाला. आधी चॅनलला त्याचं लेदर जॅकेट सुद्धा नको होतं, गुंड दिसेल म्हणून. तिसऱ्या सीझनपासून शूटिंग प्रेक्षकांसमोर व्हायला लागलं आणि फॉन्झी आत आला की स्टुडिओ दणाणायला लागला. चॅनलच्या मनात आलं की मालिकेचं नावच फॉन्झीच्या नावाने करू. रॉन हॉवर्डने सांगितलं की तसं असेल तर मी निघतो. नाव बदललं नाही. तो १९८० पर्यंत राहिला आणि मग दिग्दर्शनाकडे गेला.

आणि विंकलरशी त्याचं काय झालं? काही बिघडलं नाही. हॉवर्डच्या मुलीचा, ब्राइस डॅलस हॉवर्डचा, विंकलर गॉडफादर आहे. १९८२ साली हॉवर्डने 'नाइट शिफ्ट' सिनेमा दिग्दर्शित केला त्यात प्रमुख भूमिकेत विंकलरला घेतलं. ज्याने आपल्यावरचा प्रकाश नेला त्याच्यावर स्वतः कॅमेरा लावला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या त्या मित्राला फोन केला होता. मधे बरीच वर्षं गेली होती. तो म्हणाला, तू हलला नाहीस म्हणून मी ते करू शकलो, मला तेव्हाच माहीत होतं, पण तू बोलतच नव्हतास. आता दर दिवाळी पाडव्याला भेटतो, बालगंधर्वच्या पुलावर.

रिमोट माझ्याकडे

हे वाचून 'बिग बँग' चे दोन भाग परत पाहिले, फक्त लेनर्डकडे बघत. तुम्ही म्हणता ते दिसलं. सगळीकडे नाही, पण दिसलं. लेखनाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे, टेडला त्यांनी वाऱ्यावर सोडलं.

अनुस्वार

टेडबद्दल तुमच्याशी सहमत. :)

निळी छत्री

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले, दोन रात्री लागल्या. गुंड्याभाऊपाशी त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःच दहा मिनिटं बोलत राहिले, त्यांच्या लहानपणी घरात चिं. विं.ची पुस्तकं होती त्याबद्दल. @तिसरी घंटा, तुमचा मित्राचा फोन दोनदा वाचायला लावला.

आज तपासणी झाली. गॅस बराच ओसरलाय, सरळ बसायला परवानगी मिळाली. संध्याकाळी खुर्चीत बसले, उजव्या डोळ्याने का होईना पण बघणार म्हणाले. साराभाई लावलं, रोसेश कविता म्हणतोय तो प्रसंग. मी नेहमीसारखी हसायला लागले तर म्हणाले, मागे घे. घेतलं. पुन्हा म्हणाले, मागे घे, या वेळी रोसेशकडे बघू नकोस. तीन वेळा मागे घेतलं, आणि तिन्ही वेळा आम्ही दोघं साहिलकडे बघत होतो.